स्टेशनचा कागद कुठं आहे?

अकोल्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या अर्जनविसाला लोक वकील समजत नाहीत आणि कारकूनही समजत नाहीत. 'अर्ज लिहून देणारे काका' एवढीच आमची ओळख. पूर्वी पुढ्यात टाइपरायटर असायचा, आता लॅपटॉप आणि प्रिंटर असतो. शेजारी स्टॅम्प वेंडर, पलीकडे चहाची टपरी. वारसाची नोंद, रेशनकार्डातलं नाव, सातबाऱ्यावरची चूक, विहिरीचं अनुदान हे अर्ज रोजचेच. गेल्या काही वर्षांत त्यात एका अर्जाची भर पडली आहे. बसस्थानक पाडून नवं बांधणार म्हणतात, स्टेशनसमोरची जागा कोणी मोजून गेलं म्हणतात. तर नेमकं काय होणार ते सरकारकडून लिहून पाहिजे.

हा अर्ज घेऊन येणारे रसवंतीवाले, ऑटोवाले, फळगाडीवाले, झेरॉक्सवाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असतं. "काका, टपरी राह्यते का जाते, तेवढं साहेबाले इचारा." मी सांगतो, साहेबाला विचारायचं नाही. साहेबाच्या कपाटात जो कागद आहे तो मागायचा. साहेबाचं मत मागितलं तर उत्तर येत नाही, आणि आलं तरी साहेबाच्या बदलीबरोबर ते जातं. नकाशा, निविदा आणि करारनामा मात्र कुठं जात नाहीत.

वऱ्हाडी माणसाच्या हातात कागद मागायची ही सोय यायला रेल्वे आल्यापासून जवळजवळ एकशे चाळीस वर्षं लागली. ती गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण आज एसटीच्या आणि रेल्वेच्या जागांचं जे चाललं आहे, त्याचा पहिला अंक इथं आधीच होऊन गेलेला आहे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ भुसावळकडून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचले. या कंपनीचा सरकारशी मूळ करार १८४९ चा. त्यात भागधारकांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती. कंपनीला तेवढं सुटलं नाही तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. जमीन सरकारने फुकट द्यायची, ९९ वर्षांसाठी. कंपनीचं संचालक मंडळ लंडनमध्ये. बोरगावच्या किंवा कुरमच्या ज्या पाटलाच्या वावरातून रूळ गेले, त्याने हा करार वाचायला मागावा, अशी कल्पनाही कोणाला शिवली नसेल.

आखणी कोणाच्या सोयीने झाली, हे नकाशाकडे पाहिलं की कळतं. मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेला आणि कापसाची मोठी पेठ असलेली अमरावती नऊ-दहा किलोमीटर बाजूला राहिली. खामगावचंही तेच झालं. अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गोडी लागली होती, म्हणून हे फाटे सरकारी पैशाने काढावे लागले. १८७० मध्ये जलंब–खामगाव फाटा सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. पाठोपाठ बडनेरा–अमरावती झाला. मुख्य मार्ग पेठा सोडून का गेला, याचा हिशेब कुठल्यातरी फायलीत असणारच, पण ती फाइल पाहायची वाट नव्हती.

वाट होती ती फक्त विनंतीची. रेल्वेचं फाटक बंद राहतं, गाडी थांबत नाही, बैलगाड्यांना मालधक्क्यावर जागा नाही, हे अर्जात लिहायचं आणि वाट पाहायची. जमीन घेण्याच्या बाबतीत १८९४ चा भूसंपादन कायदा आला, पण त्यातही मालकाला भावावर भांडता येई. जमीन घेऊच नका, ही हरकत ऐकून घ्यायची तरतूद १९२३ च्या दुरुस्तीने आली. त्याच १९२३ मध्ये शासकीय गुपितांचा कायदाही झाला. म्हणजे एका हाताने हरकतीचा हक्क दिला आणि दुसऱ्या हाताने, हरकत ज्याच्या आधारावर घ्यायची, तो कागद कुलुपात टाकला.

मधल्या काळात एक बारीकशी फट पडली होती, ती कौन्सिलातल्या प्रश्नांची. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारायची मुभा मिळाली. अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर, दादासाहेब खापर्डे आणि पुढे यवतमाळचे बापूजी अणे ही आपली माणसं वरिष्ठ विधिमंडळात बसली. सरकारला छापील उत्तर द्यायला लावण्याचं हेच एक हत्यार तेव्हा होतं. त्यातही वऱ्हाडची गंमत निराळीच. कायद्याने मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. त्यामुळे इथून लोकांनी निवडून दिलेला माणूसदेखील दिल्लीत कागदोपत्री सरकारनियुक्त म्हणून बसायचा. माहिती मागायची तर आधी असा प्रतिनिधी हवा, मग त्याला तुमच्या फाटकाचं महत्त्व वाटायला हवं, आणि मग सभापतींनी प्रश्न दाखल करून घ्यायला हवा. टपरीवाल्याच्या प्रश्नाला इतक्या उंबरठ्यांवरून जाता येत नव्हतं.

कागद कोणाकडे आहे हे माहीत नसलं की काय होतं, याचं वऱ्हाडातलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण मूर्तिजापूरच्या स्टेशनवर आहे. मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर, ७६ किलोमीटर. दुसऱ्या बाजूला यवतमाळ, ११३ किलोमीटर. हीच आपली शकुंतला. अडीच फुटी रुळांची ही गाडी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने घातली आणि ती कंपनी किलिक निक्सन या मुंबईच्या ब्रिटिश व्यापारी पेढीने चालवलेली. अचलपूर-दर्यापूरचा आणि दारव्हा-यवतमाळचा कापूस मूर्तिजापुरात आणून मोठ्या गाडीत चढवायचा, हा तिचा धंदा. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून तिला ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते थांबलं आणि डिझेल इंजिन आलं.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही कंपनी बाहेर राहिली. गाडी मध्य रेल्वेची, गार्ड-ड्रायव्हर मध्य रेल्वेचे, तिकीट मध्य रेल्वेचं. मार्ग मात्र कंपनीचा, आणि त्याचा मोबदला कंपनीला जायचा. मधून मधून कराराचं नूतनीकरण व्हायचं. दर्यापूरचा म्हातारा दोन-तीन रुपयांच्या तिकिटावर लेकीकडे जायचा, त्याला आपण कोणाच्या रुळांवरून चाललो आहोत याचा पत्ता नसायचा. गाडी बंद पडली तेव्हा मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली, समित्या झाल्या. निवेदनं बहुतेक 'शकुंतला सुरू करा' एवढीच. करारात देखभाल कोणी करायची लिहिलं आहे, मुदत कधी संपते, रुळांखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे विचारणारे थोडेच.

अर्जनवीस म्हणून मला इथं एक गोष्ट सांगावीशी वाटते. कंपनी खासगी असली तरी कराराचा दुसरा पक्ष मध्य रेल्वे आहे. म्हणजे कराराची एक प्रत सरकारी कपाटात आहे, आणि म्हणून ती मागता येते. शिवाय माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) मध्ये एक तरतूद आहे, ती फार लोकांना ठाऊक नसते. अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीची माहिती असेल, तर देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद असे मोजके अपवाद सोडून ती द्यावीच लागते. 'व्यापारी गोपनीयता' ही ढाल तिथं चालत नाही. जुन्या वास्तूंवर, जुन्या मार्गांवर काम करणाऱ्यांसाठी एवढं एक कलम पुरेसं आहे.

आता एसटीकडे येऊ. वऱ्हाडातल्या बसस्थानकांचे कागद शोधणं हे मुंबई-पुण्यापेक्षा अवघड, कारण आपला मुलूखच राज्याराज्यांतून फिरला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. सरकारी बसगाड्या प्रांतिक वाहतूक सेवेच्या. मग द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. जागेचा मूळ आदेश एका सरकारचा, ताबापावती दुसऱ्याची, इमारत तिसऱ्याच्या काळातली. त्यात नझूल. शहरातली सरकारी मालकीची, पट्ट्याने दिलेली ही जमीन नागपूर आणि अमरावती विभागांत जागोजागी आहे. तिचा हिशेब शीट नंबर आणि प्लॉट नंबर यांनी चालतो. हे दोन नंबर अर्जात नसले की 'बोध होत नाही' म्हणून अर्ज परत येतो.

जमिनीच्या बाबतीत मात्र एक जुनी सोय इंग्रजांपासून होती, नकलेची. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने, ज्या सार्वजनिक दस्तऐवजाची पाहणी करायचा तुम्हाला हक्क आहे, त्याची सही-शिक्क्याची नक्कल फी भरून मिळायची. नकलेचा अर्ज हा आमच्या धंद्याचा कणाच. पण त्यात मेख होती 'हक्क आहे' या शब्दांत. स्वतःच्या शेताची नक्कल मिळे, बसस्थानकाच्या ठेक्याची मागितली तर "तुमचा काय संबंध?" हा प्रश्न ठरलेला.

हा प्रश्न मोडायला न्यायालय आणि रस्ता, दोन्ही लागले. १९७५ मध्ये राज नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सार्वजनिक अधिकारी जे सार्वजनिक काम करतात, ते जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. पण हक्क बजावायची रीत कायद्यात यायला आणखी तीस वर्षं गेली. महाराष्ट्राने त्यात थोडी आघाडी घेतली. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्याने राज्याचा माहिती अधिकार कायदा झाला आणि तो २३ सप्टेंबर २००२ पासून लागू धरला गेला. मग १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा आला. त्याच्या कलम ६(२) ने "तुमचा काय संबंध?" हा प्रश्नच रद्द केला. माहिती कशाला हवी, याचं कारण अर्जदाराला विचारायचं नाही.

माझ्याकडचा एक अर्ज सांगतो. वऱ्हाडातल्याच एका स्टेशनसमोर चहाची टपरी चालवणारा माणूस आला. स्टेशनचं रूप पालटणार, समोरचा परिसर मोकळा होणार, एवढं त्याने ऐकलं होतं. त्याच्याकडे नगरपालिकेच्या पावत्या होत्या, पिशवीभर. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला संरक्षण आहे, असं कोणी सांगितल्याने तो निश्चिंत होता. पण त्याच कायद्यात सुरुवातीलाच लिहिलेलं आहे की रेल्वेच्या मालकीच्या आणि ताब्यातल्या जागेला हा कायदा लागू नाही. म्हणजे टपरी गटाराच्या अलीकडे की पलीकडे, यावर सगळं ठरणार. पुनर्विकासाचं रंगीत चित्र मागून त्याला उपयोग नव्हता. आम्ही मागितला तो रेल्वेच्या जमिनीचा हद्दीचा नकाशा, त्या जागेची नगर भूमापनाची आखीव पत्रिका, आणि मंजूर आराखड्याचं ते एकच पान ज्यावर प्रवेशद्वार आणि वाहनतळ दाखवलं आहे.

उत्तर आलं ते ओळखीचंच. माहिती व्यापक आहे आणि व्यापारी गोपनीयतेत मोडते. पहिलं अपील केलं. सुनावणीत साहेबांनी विचारलं, "नकाशा घेऊन तुम्ही काय करणार?" मी सांगून ठेवल्याप्रमाणे तो म्हणाला, "साहेब, ते सांगायची गरज नाही, पण सांगतो. माही टपरी त्यात कुठी हाय, ते पाहीन." नकाशा मिळाला. टपरीची तीन पावलं रेल्वेत निघाली आणि उरलेली पालिकेत. त्याने टपरी तीन पावलं मागे घेतली आणि पथविक्रेता समितीकडे अर्ज टाकला. परिसराचं काम अजून सुरू आहे, टपरीही आहे.

धंद्यातली काही माहिती वाचकांच्या उपयोगाची म्हणून लिहून ठेवतो. एसटी महामंडळ, महापालिका, नझूल ही राज्याची कार्यालयं. इथं जोडपत्र 'अ' मधला अर्ज आणि १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट चालतं. २०१२ च्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. रेल्वे केंद्राची; तिथं कोर्ट फी तिकीट चालत नाही, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावायची किंवा ऑनलाइन भरायचे. झेरॉक्स पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. ती उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. एसटीचं दुसरं अपील आपल्या अमरावतीच्या खंडपीठापुढे चालतं. रेल्वेचं दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगापुढे.

अकोल्याला आणखी एक घोळ आहे. मुंबई–नागपूर मार्गाची फाइल मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात, तर अकोट आणि पूर्णा बाजूची दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात. जमिनीचा व्यापारी विकास रेल्वे भूमी विकास प्राधिकरणाकडे असेल तर तिसरं दार दिल्लीत. चुकीच्या दारात अर्ज पडला म्हणून घाबरू नये. कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं हे त्यांचं काम. आणि 'फाइल सापडत नाही' हे उत्तर आलं तरी थांबू नये. फाइल हरवणं हा माहिती नाकारण्याचा आधार होत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात तर अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे.

आता पुन्हा रेल्वे कंपनीच्या करारातल्या त्या ९९ वर्षांकडे. अमृत भारत योजनेतलं मूर्तिजापूरचं नवं स्टेशन २२ मे २०२५ रोजी देशातल्या इतर स्टेशनांबरोबर खुलं झालं. अकोला आणि बडनेरा हीही त्याच योजनेत आहेत. एसटीच्या जागांवर खासगी भागीदारीतून बांधकामं करण्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये भाडेपट्ट्याची मुदत ६० वर्षांवरून ९८ वर्षांवर नेली, ४९ आणि पुन्हा ४९. १८४९ मध्ये ९९, आज ९८. अशा कराराला सरसकट वाईट म्हणणारा मी नव्हे. गळक्या बसस्थानकात पावसात उभं राहून पाहिलेलं आहे. पण ९८ वर्षांचा करार म्हणजे आज सही करणाऱ्यांपैकी आणि आज टपरी चालवणाऱ्यांपैकी कोणीही त्याचा शेवट पाहणार नाही. शकुंतलेच्या बाबतीत हेच झालं. सही करणारे गेले, कंपनीचे साहेब गेले, कापसाच्या गाड्या गेल्या आणि कलमं तेवढी उरली. ती कलमं गावाने वाचली नव्हती.

तेव्हाच्या लोकांना वाचायची सोय नव्हती. आपल्याला आहे, आणि आपण भूमिपूजनाच्या मांडवात बसून पुष्पगुच्छ मोजतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. तुमच्या गावच्या बसस्थानकाचा किंवा स्टेशनचा कायापालट होणार अशी बातमी आली की त्याच आठवड्यात पाच गोष्टींचा अर्ज टाका: जागेची आखीव पत्रिका किंवा नझूल पट्टा, हद्दीचा मोजणी नकाशा, मंजूर आराखडा, निविदेच्या अटी, आणि करारनामा झाला असल्यास त्याची साक्षांकित प्रत. सगळं १५० शब्दांत बसतं. स्वतः लिहिता येत नसेल तर कुठल्याही कचेरीबाहेर आमच्यापैकी कोणीतरी बसलेला असतोच.